प्रकल्पामागचे शिक्षक: विज्ञानाच्या मार्गदर्शकांची दखल कशी घ्यावी

विज्ञान प्रदर्शनातल्या फलकावर शिक्षकाचं नाव बहुतेक वेळा अगदी खाली असतं. ‘मार्गदर्शन’ असा एक शब्द आणि त्यापुढे नाव. शाळा सुटल्यावर उघडी ठेवलेली प्रयोगशाळा, तीनदा फसलेला प्रयोग चौथ्यांदा करायला दिलेली उमेद, उत्तर ओठांवर आलेलं असताना बाळगलेला संयम हे सगळं त्या एका शब्दाआड जातं. मुलांकडून हाताने विज्ञान करून घेणाऱ्या अशा शिक्षकांचा गौरव करायचा असेल, तर तो कसा करावा याबद्दल हा लेख आहे. शाळा, माजी विद्यार्थ्यांचा संघ, विज्ञान मंडळ, पालकांचा गट किंवा शिक्षकांची संघटना यांपैकी कुणालाही ही पद्धत वापरता येईल.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. ज्यांच्या विद्यार्थ्यांनी सर्वाधिक बक्षिसं आणली, त्या शिक्षकांना पुरस्कार, हा सोपा मार्ग घ्यायचा नाही. बक्षिसांची संख्या मोजली, तर साधनं भरपूर असलेली शाळा आणि घरून भरपूर मदत मिळणारी मुलं यांचाच गौरव होतो. आपल्याला मोजायचं आहे ते मार्गदर्शन.

आधी ठरवा: दखल नेमकी कशाची?

एरास्टो एम्पेम्बा याची गोष्ट इथे उपयोगी पडते. 1963 साली, आज ज्याला आपण टांझानिया म्हणतो त्या देशात, हा शाळकरी मुलगा आइस्क्रीम करत होता. त्याने दुधाचं मिश्रण गरम असतानाच फ्रीझरमध्ये ठेवलं आणि ते थंड करून ठेवलेल्या मिश्रणाच्या आधी गोठलं. शिक्षकांना विचारलं, तर ‘तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल’ असं उत्तर मिळालं. पुढे दुसऱ्या शाळेत त्याने हा विषय पुन्हा काढला, तेव्हा ‘ही एम्पेम्बाची फिजिक्स, जगाची नव्हे’ अशी थट्टा झाली. मग डेनिस ऑसबोर्न हे विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले. एम्पेम्बाने त्यांनाही तोच प्रश्न विचारला आणि वर्गातली मुलं हसली. ऑसबोर्न यांनी मात्र परत गेल्यावर प्रयोगशाळेत तो तपासायला सांगितला. तंत्रज्ञाने कळवलं की गरम पाणी खरोखरच आधी गोठलं, पण बरोबर उत्तर येईपर्यंत आम्ही प्रयोग करत राहू! 1969 मध्ये एम्पेम्बा आणि ऑसबोर्न या दोघांच्या नावाने शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हा परिणाम खरा आहे का, असला तर कशामुळे, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजूनही वाद आहे.

दखल घ्यायची ती ऑसबोर्न यांनी केलं त्या गोष्टीची. त्यांनी उत्तर दिलं नाही. प्रश्न तपासण्याच्या लायकीचा मानला, प्रत्यक्ष तपासला आणि श्रेय मुलासोबत वाटून घेतलं. पुरस्काराचा हेतू लिहिताना ही तीन कामं डोळ्यांसमोर असू द्या. तो हेतू चार ओळींत लिहून काढा आणि सगळ्यांना दिसेल असा लावा. नंतर निवडीवर वाद झाला, तर याच चार ओळी कामाला येतात.

समिती

पाच जण पुरेत. संख्या विषम असावी. एक जण स्वतः प्रयोग करणारा असावा: संशोधक, अभियंता किंवा हवामान केंद्रात वा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणारा. एक दुसऱ्या शाळेतला अनुभवी शिक्षक, एक माजी विद्यार्थी, एक प्रयोगशाळा सहायक आणि एक आयोजकांपैकी. प्रयोगशाळा सहायकाला आवर्जून घ्या. कोण मुलांना खरोखर उपकरणं हाताळू देतं आणि कोण कपाटाला कुलूप लावून ठेवतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

ज्याचा नातेवाईक, सहकारी किंवा स्वतःच्या मुलांचा शिक्षक यादीत असेल, त्या सदस्याने त्या नावाच्या चर्चेतून बाहेर बसावं. हे आधीच लेखी ठरवा. नाव समोर आल्यावर हा नियम मांडला, की तो एखाद्या माणसाविरुद्ध केल्यासारखा दिसतो.

निकष

पाच निकष आणि एकूण 100 गुण ही मांडणी मला सोयीची वाटते. वाटणी तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदला, पण क्रम फारसा बदलू नका.

पहिला निकष प्रश्नाच्या मालकीचा, 25 गुण. प्रश्न मुलाचा झाला होता का? तो मुलानेच शोधलेला असावा असा हट्ट नको. 1909 साली मँचेस्टरमध्ये अर्नेस्ट मार्सडेन हा पदवीचा विद्यार्थी हान्स गायगर यांच्या हाताखाली शिकत होता. त्याला एखादं छोटं संशोधन द्यावं का, असा विचार चालला असताना तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख, भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रुदरफर्ड यांनी सुचवलं की धातूच्या पातळ पत्र्यावर आदळून अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून निघणारे सूक्ष्म कण, मोठ्या कोनात वळतात का, ते त्याला पाहू दे. तसं काही दिसेल अशी रुदरफर्ड यांची अपेक्षा नव्हती. ते दिसलं आणि त्यातूनच पुढे 1911 मध्ये अणुकेंद्राची कल्पना उभी राहिली. प्रश्न शिक्षकाकडून आला होता, पण त्याचं उत्तर शिक्षकाच्या खिशात नव्हतं. तुमच्या यादीतल्या शिक्षकांचे प्रश्न असे असतात का, ते पाहा.

दुसरा निकष प्रयोगाच्या शिस्तीचा, पुन्हा 25 गुण. तुलनेसाठी नियंत्रित नमुना ठेवला का, एका वेळी एकच घटक बदलला का, एकाच मोजमापावर न थांबता ते पुन्हा घेतलं का, आकड्यांतली अनिश्चितता मुलांना समजते का. महागडं उपकरण वापरलं म्हणून इथे जास्त गुण द्यायचे नाहीत. दोन कुंड्या, मोजपट्टी आणि रोजची नोंद एवढ्यावरही उत्तम शिस्त दाखवता येते.

अपयश कसं हाताळलं याला 20 गुण द्या. यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण निवडीचा खरा कस इथेच लागतो.

आणखी 20 गुण संधी किती मुलांपर्यंत पोचली याला. दरवर्षी तीच दोन हुशार मुलं पुढे येतात, की मागच्या बाकावरची, कमी बोलणारी, घरी मदत नसलेली मुलंही प्रकल्प करतात? केनियातले गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक पीटर तबिची यांना 2019 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांच्या ग्रामीण शाळेत एकच संगणक होता आणि एका शिक्षकामागे 58 विद्यार्थी होते. तरी त्यांचे विद्यार्थी अंध आणि कर्णबधिर व्यक्तींना वस्तू मोजता येतील असं उपकरण घेऊन आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्यासाठी पात्र ठरले. शिक्षक कुठे पोचला याबरोबर तो कुठून निघाला, हेही समितीला माहीत हवं. म्हणून प्रत्येक नावासोबत वर्गाचा आकार, प्रयोगशाळेची स्थिती आणि प्रकल्पांना मिळणारा वेळ यांची माहिती मागवा.

उरलेले 10 गुण वाटून घेण्याला: आपली पद्धत, आपल्या चुका आणि आपली साधनं इतर शिक्षकांना देणाऱ्याला.

सुरक्षितता आणि नैतिकता यांना गुण द्यायचे नाहीत. तो उंबरठा आहे. माणसांवर सर्वेक्षण केलं असेल तर संमती घेतली होती का, प्राण्यांना इजा झाली नाही ना, रसायनं, घरातला वीजप्रवाह किंवा सूक्ष्मजीव हाताळताना जाणकार माणूस हजर होता का? आंतरराष्ट्रीय विज्ञान आणि अभियांत्रिकी मेळाव्याच्या, म्हणजे आयसेफच्या, नियमांनुसार घरी सूक्ष्मजीव वाढवायला मनाई आहे. तिथल्या अर्जांमध्ये जबाबदार प्रौढाने भरायचा स्वतंत्र तपासणी-तक्ताही असतो. असा तक्ता तुम्हीही ठेवा. उंबरठा ओलांडला नाही, तर बाकीचे गुण पाहायचे नाहीत.

नावं कशी मागवायची

शिक्षकाला स्वतः अर्ज करायला लावू नका. चांगले मार्गदर्शक आपल्याबद्दल लिहायला संकोचतात, आणि दहा पानी अर्ज भरण्यात जे पटाईत असतात त्यांचंच नाव पुढे येतं. शिफारस विद्यार्थी, माजी विद्यार्थी, पालक, सहकारी किंवा मुख्याध्यापक यांच्याकडून यावी. अर्ज एका पानाचा आणि प्रश्न तीनच:

‘या शिक्षकांमुळे एखाद्या मुलाने काय केलं, जे एरवी केलं नसतं? एक प्रसंग सांगा.’
‘प्रयोग फसला तेव्हा शिक्षकांनी काय केलं?’
‘या कामाची नोंद आम्हाला कुठे पाहता येईल?’

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ‘अतिशय तळमळीचे, विद्यार्थीप्रिय शिक्षक’ अशी वाक्यं कुणाबद्दलही लिहिता येतात. ज्यांना लिहिणं अवघड जातं त्यांच्याकडून शिफारस तोंडी घ्या, फोनवर रेकॉर्ड करून पाठवली तरी चालेल. माजी विद्यार्थ्यांना मुद्दाम विचारा. मार्गदर्शनाचा परिणाम कधीकधी सात-आठ वर्षांनी दिसतो, आणि त्यांना आता गुणांची भीती नसल्यामुळे ते मोकळेपणाने बोलतात.

शिफारस आल्यावर शिक्षकांची संमती घ्या. काहींना पुरस्कार नको असतो, त्यांच्या नकाराचा मान राखा.

पुरावा: प्रयोगवही आणि मुलांशी गप्पा

इथे घाई करू नका. निवड प्रक्रियेतला निम्मा वेळ या टप्प्याला दिला तरी तो वाया जात नाही.

फलक आणि मॉडेल बाजूला ठेवा आणि मुलांची प्रयोगवही मागा, पक्की केलेली नको, कच्चीच. मुलांनी स्वतः ठेवलेल्या वहीत तारखा असतात, मध्येच एखादा दिवस सुटलेला असतो, शाई बदलते, आकडे खोडलेले असतात, कडेला ‘आज थर्मामीटर पडला’ अशी ओळ असते. प्रयोगाची दिशा मध्येच बदललेली दिसते आणि का बदलली तेही कळतं. मोठ्यांनी करून दिलेल्या प्रकल्पाची वही एका बैठकीत लिहिलेली असते: सगळी पानं सारखी, सगळे आकडे अपेक्षेप्रमाणे, निष्कर्ष पहिल्याच पानावर गृहीत धरलेला. वहीत शिक्षकाचा हात कसा दिसतो तेही पाहा. ‘हे आलं कसं?’, ‘दुसऱ्या मार्गाने मोजून बघ’, ‘तुझी खात्री किती?’ असे शेरे दिसले तर थांबून वाचा. फक्त सही आणि ‘छान’ असेल, तर त्यातून मार्गदर्शनाबद्दल काही कळत नाही.

एक आकडा इतरांपेक्षा खूप वेगळा आला, तर त्याचं काय झालं? मी हे पानोपानी शोधतो. तो गुपचूप गायब झाला असेल, तर शिस्तीचे गुण कमी होतात. तो ठेवला, त्याभोवती गोल केला, कारण शोधलं आणि कारण सापडलं नाही असंही लिहिलं, तर अशा वर्गात विज्ञान खरंच चालू आहे.

त्यानंतर मुलांना भेटा. शिक्षक खोलीत नसावेत, पण मुलांच्या ओळखीचं कुणीतरी मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असावं. परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. ‘पहिल्यांदा काय बिघडलं?’ इथून सुरुवात करा. खरोखर काम केलेली मुलं या प्रश्नावर खुलतात, ज्यांनी केलं नाही ती पाठ केलेलं सांगू लागतात. पुढे विचारा: ‘हा भाग कुणी बनवला?’ ‘अजून एक महिना मिळाला तर काय कराल?’ ‘सर किंवा मॅडम कोणत्या गोष्टीला नाही म्हणाले?’ या शेवटच्या प्रश्नातून सर्वात जास्त कळतं. चांगला मार्गदर्शक धोकादायक गोष्टीला नाही म्हणतो, अवाक्याबाहेरची गोष्ट छोटी करून देतो आणि ‘माहीत नाही, बघूया’ असं मोकळेपणाने म्हणतो.

श्रेयाची वाटणी तपासायचा चांगला नमुना म्हणजे 2010 साली बायॉलॉजी लेटर्स या नियतकालिकात आलेला इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन प्राथमिक शाळेचा निबंध. आठ ते दहा वर्षांच्या 25 मुलांनी भुंग्यांना रंग आणि आकृतीबंध कसे कळतात याचे प्रयोग केले. निबंध मुलांच्या भाषेत होता आणि आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या. मेंदूशास्त्रज्ञ आणि शिक्षक सोबत होते, पण प्रश्न, खेळासारखी रचलेली कोडी आणि निष्कर्ष मुलांचे होते. ‘मुलांचं किती आणि मोठ्यांचं किती’ हे असं उघड मांडलेलं असेल, तर समितीचं काम सोपं होतं. तुमच्या यादीतल्या प्रकल्पांसाठीही एका पानावर ही वाटणी लिहून मागा.

शक्य असेल तर शाळेच्या नेहमीच्या एखाद्या दिवशी भेट द्या. खास तयारीच्या दिवशी सगळ्याच प्रयोगशाळा चकचकीत असतात.

गुण देताना

प्रत्येकाने आधी एकट्याने गुण द्यावेत आणि मगच एकत्र बसावं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये दाखवलं, की सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांना पारखताना एका गुणावरून बाकीचे गुण ठरवत होते: ज्याचं शरीर चांगलं, त्याची बुद्धी आणि नेतृत्वही चांगलं वाटत होतं. शिक्षकांच्या बाबतीत हेच घडतं. बोलायला प्रभावी असलेला शिक्षक शिस्तीच्या निकषातही पुढे जातो. यावर एक साधा उपाय आहे. एका शिक्षकाचे पाचही निकष ओळीने तपासू नका. सगळ्या शिक्षकांचा पहिला निकष तपासा, मग सगळ्यांचा दुसरा.

सुरुवातीला एकच जुना प्रकल्प सर्वांनी तपासून गुण जुळवून पाहा. एकाने 22 आणि दुसऱ्याने 9 दिले असतील, तर खरी चर्चा तिथेच होऊ द्या. प्रत्येक गुणाशेजारी पुराव्याची एक ओळ लिहा. ओळ सुचत नसेल, तर गुण कमी करा.

द्यायचं काय

मानचिन्ह कपाटात जातं. शिक्षकाला हवा असतो वेळ आणि साहित्य. पुढच्या वर्षी आठवड्यातल्या दोन तासिका प्रकल्पांसाठी मोकळ्या ठेवणं, परीक्षेच्या किंवा कारकुनी कामातून सूट, काचसामान आणि सेन्सर घ्यायला खर्चाची मुभा असलेला निधी, एखाद्या संशोधन संस्थेत दोन आठवडे काम करण्याची सोय, या गोष्टी खरा गौरव करतात. यातलं काही शाळेच्या व्यवस्थापनाच्या हातात असतं. त्यामुळे पुरस्कार जाहीर करण्याआधी त्यांची लेखी मान्यता घ्या.

रोख रक्कम द्यायची असेल, तर शिक्षकाची वेगळी आणि प्रयोगशाळेची वेगळी द्या. सगळीच रक्कम ‘शाळेसाठी’ दिली, की ज्या माणसाने स्वतःचा वेळ आणि अनेकदा स्वतःचे पैसे घातले, त्याला पुन्हा रिकाम्या हाताने परत पाठवल्यासारखं होतं. 2020 मध्ये रणजितसिंह डिसले यांनी ग्लोबल टीचर प्राइझची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. ती त्यांची स्वतःची उदारता होती, आयोजकांनी कुणाकडून तशी अपेक्षा धरू नये. पण पहिल्या क्रमांकाशेजारी आणखी नऊ कामं उभी असतात, हे त्यातून दिसलं. त्यामुळे एकच विजेता निवडण्यापेक्षा तीन-चार जणांना समान सन्मान देणं मला जास्त योग्य वाटतं. प्रत्येकाची जमेची बाजू वेगळी असते आणि तीच शीर्षकात सांगता येते.

पैसे नसले तरी दखल घेता येते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या लिंकन प्रयोगशाळेने आपल्या दुर्बिणींनी शोधलेल्या लघुग्रहांना विज्ञान स्पर्धांमधल्या यशस्वी विद्यार्थ्यांची नावं दिली आणि त्यांच्यासोबत त्यांच्या शिक्षकांचीही. आपल्या हाती लघुग्रह नाहीत, पण विद्यार्थ्याचं कौतुक जिथे होतं तिथे शिक्षकाचं नाव त्याच आकाराच्या अक्षरात छापणं आपल्याला जमतं. प्रमाणपत्र, बातमी, फलक, वार्षिक अहवाल, सगळीकडे हा नियम लावा.

बक्षिसाचं आमिष सतत डोळ्यांपुढे नाचवू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना बक्षिसाचं आधी सांगितलं होतं त्यांचा चित्रांमधला रस नंतर कमी झाला. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचा तसा झाला नाही. हा अभ्यास मुलांवरचा आहे, पण वर्षभर पुरस्काराची जाहिरात करण्यापेक्षा शांतपणे काम पाहून नंतर दखल घेणं बरं, असं मला त्यावरून वाटतं.

मानपत्र

मानपत्रात विशेषणं कमी आणि क्रियापदं जास्त हवीत. नमुन्यादाखल असं लिहिता येईल:

‘आपल्या आठवीच्या वर्गातल्या चार मुलींनी खाऱ्या पाण्यात बी रुजतं का, हे पाहायला घेतलं. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळं बी बुरशीने गेलं. आपण नवं बी आणून दिलं नाही. बुरशी का आली हे शोधायला सांगितलं. मुलींनी भांडी उकळली, पाण्याचं प्रमाण बदललं, तीस-तीस बियांचे गट केले आणि तिसऱ्या फेरीत मोजता येईल असा फरक मिळवला. फसलेल्या दोन फेऱ्या त्यांनी फलकावर पहिल्या रांगेत लावल्या. हे धैर्य त्यांना आपल्या वर्गात मिळालं.’

शिक्षकांबद्दल काय सांगायचं ते यात आहे, आणि हा मजकूर दुसऱ्या कुणाला चिकटवता येत नाही. तीच त्याची कसोटी: नाव बदलून मानपत्र दुसऱ्याला चालत असेल, तर ते पुन्हा लिहा.

कार्यक्रम आणि त्यानंतर

कार्यक्रम तासाभराचा ठेवा. पाहुण्यांच्या भाषणाला दहा मिनिटं, बाकी वेळ मुलांना. त्यांनी प्रयोग करून दाखवावेत आणि शिक्षकांबद्दल स्वतःच्या शब्दांत बोलावं. मुलांचे फोटो किंवा नावं प्रसिद्ध करण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. प्रयोगशाळा सहायक आणि मदत करणारे इतर शिक्षक यांनाही त्याच मंचावर बोलवा.

ज्यांची निवड झाली नाही, त्यांना आठवड्याभरात पत्र पाठवा. त्यांच्या कामातली एक ठोस गोष्ट आवडली हे लिहा, आणि शिफारस करणाऱ्या मुलाचं किंवा पालकाचं वाक्य त्यांची परवानगी घेऊन जसंच्या तसं द्या. अनेक शिक्षकांना असं वाक्य पहिल्यांदाच वाचायला मिळतं.

सहा महिन्यांनी निवडलेल्या शिक्षकांना भेटा. मोकळ्या तासिका खरंच मिळाल्या का, निधी हातात पडला का, की पुरस्कारानंतर त्यांच्यावर आणखी समित्यांचं ओझं आलं, हे विचारा आणि जे अडलं असेल ते व्यवस्थापनाशी बोलून सोडवा. सगळ्या शिफारशी, गुणपत्रकं आणि नोंदी एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षीच्या समितीने पहिल्या बैठकीत ती वाचावी, कोणत्या निकषाला पुरावा मिळालाच नाही ते पाहावं आणि तो निकष बदलावा किंवा काढून टाकावा.